देवरे बाईंची पेरणी

देवरे बाई चांगल्या की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भाऊबंद विचारतात, दारावर आलेले पाहुणे विचारतात. एकदा मी म्हणतो, बाई देवमाणूस. पुढच्या खेपेला त्याच पाहुण्याजवळ तोंडातून वेगळंच निघतं. दोन्ही वेळी मी खरं बोललेलो असतो. माझी शाळा चौथीपर्यंत. कापूस कळतो, बैल कळतो, माणूसही थोडाफार कळतो असं वाटत होतं. ही बाई भेटली आणि तेही गेलं.

धुळ्याला एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांब खोली आहे. तिथं आजारी माणसाचं काम नसतं, त्याच्या अंगातून निघालेल्याचं असतं. पू, थुंकी, रक्त. ते झाकणाच्या ताटल्यांवर पसरायचं, उबेच्या कपाटात ठेवायचं आणि काय उगवतं ते बघायचं. उगवेल त्याचं नाव सांगायचं, म्हणजे वरच्या डॉक्टरांना कळतं, औषध कोणतं द्यायचं. ही देवरे बाईंची नोकरी. त्या डॉक्टरच, पण नाडी धरणं नाही, छातीला नळी लावणं नाही. ठेंगणा बांधा, सुती साडीवर पांढरा डगला आणि काचेवर लिहायची एक लाल पेन्सिल. ती पेन्सिल हरवली की खोलीतल्या सगळ्यांवर आळ. शेवटी ती त्यांच्याच अंबाड्यात खोचलेली निघायची. मग माफी वगैरे काही नाही. "मिळाली," एवढंच.

बोलणं सगळं पेरणीचं. ताटलीला वाफा म्हणायच्या. "ह्याची उगवण उशिरा." "हा वाफा तणाने खाल्ला." मला वाटलं, समोर शेतकरी बघून तसं बोलतात. नंतर पाहिलं तर मोठ्या साहेबांशीही तसंच. बाप साक्रीकडचा, कांदा पिकवणारा होता म्हणे. त्यांच्या हाताखाली पिंजारीभाऊ होते, पिकल्या दाढीचे. ते मला म्हणाले होते, "आबा, आमच्या मॅडमचं शेत उलटं आहे. पीक आलं तर पेशंट रडतो, नाही आलं तर मॅडम रडतात."

आम्ही तिथं गेलो ते मंजुळाच्या पायामुळे. मंजुळा माझी बायको. आता ती नाही.

कापसाची पऱ्हाटी काढल्यावर रानात खुंट राहतात, सुईसारखे. त्यातला एक तिच्या तळव्यात शिरला. उपटला, हळद भरली, फडकं बांधलं आणि संध्याकाळपर्यंत ती रानातच होती. असे खुंट आमच्याकडे सगळ्यांना लागतात. ते आम्ही विसरूनही गेलो. पुढे बऱ्याच काळाने तळव्याला गाठ आली. गाठीला तोंड पडलं. ते मिटलं तर शेजारी दुसरं. पाय वारुळासारखा झाला. आणि दुखत फारसं नव्हतं, हीच त्यातली लबाडी. दुखलं असतं तर आम्ही लवकर हललो असतो.

जळगावच्या सर्जनने फोटो काढला आणि म्हणाला, हाडाला लागलंय. घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल, आणि फार थांबलात तर गुडघ्यापासून. माणूस वाईट नव्हता. त्याने पू तपासायला पाठवला होता, एकदा नाही, पुन्हा पाठवला. दोन्ही वेळा कागद आला, वाढ नाही. इथं फडकं भिजतंय आणि कागद म्हणतो, काही नाही. मी त्याला म्हणालो, साहेब, काही नाही तर कापता कशाला? तो म्हणाला, आबा, आहे नक्की, पण ज्याला नाव नाही त्याला मी औषध काय देऊ? शेवटचं म्हणून त्यानेच आम्हाला धुळ्याला देवरे बाईंकडे पाठवलं.

बाईंनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. पहिला प्रश्न, "कशाने लागलं?" मी सांगितलं. "तेव्हा पायात काय होतं?"

मी म्हणालो, पायात काय असणार, पायात पाय होता.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तेच तर," म्हणाल्या. आणि खाली वाकून माझ्याच टाचा बघायला लागल्या. आजारी बायको बाकावर आणि ही बाई नवऱ्याच्या टाचा बघते. मी पाय मागे घेतले. "भेगा आहेत," त्या म्हणाल्या. "उद्यापासून चपला. रानात बूट." मी मनात म्हटलं, हिला कामापेक्षा शिकवणीच जास्त.

मंजुळाचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. डॉक्टरीण बाईने बायकोचा पाय मांडीवर घ्यावा, हे मला कसंतरीच वाटलं. मंजुळाही ओढून घ्यायला लागली. त्यांनी सोडला नाही. पू घेतला, वाफे टाकले, आठवड्याने या म्हणाल्या. आम्ही गेलो तर वाफे कोरे. पुन्हा पू घेतला. पुन्हा कोरे. त्यांचं तोंड उतरलेलं. मी म्हणालो, म्हणजे जळगाववाले बरोबर. त्या म्हणाल्या, "नाही उगवलं म्हणजे नाही, असं नाही, आबा. काही जण ताटलीत रुसतात. काहींना उगवायला आठवडे लागतात आणि लोक दोन दिवसांत ताटली फेकून मोकळे होतात. पण इतकं कोरं?"

तिसऱ्या खेपेला मंजुळाने पाय पुढे केला आणि बाई त्या फडक्याकडेच बघत राहिल्या. माझ्या जुन्या धोतराची पट्टी, नीळ देऊन धुतलेली, पांढरीशुभ्र. त्यांनी पायाजवळ नाक नेलं. कडुलिंबाचा वास, हळदीचा वास.

"अक्का, हा पुवाचा पाय आहे का लग्नाला निघालेला?"

मंजुळा हसली. मग तिने सांगितलं. धुळ्याला निघायच्या दिवशी ती पहाटे उठायची. लिंबाचा पाला उकळायचा, त्या पाण्याने पाय धुवायचा. प्रत्येक तोंड दाबून दाबून आतलं सगळं काढायचं. मग हळद, मग धुतलेली पट्टी. जळगावला जातानाही तसंच. मी हे सगळं बघत होतो आणि मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. पाहुण्याकडे जाताना माणूस अंघोळ करतो, तसंच हे. मंजुळा म्हणाली, "मानूसना समोर घान लीसन कसं जावानं?"

देवरे बाई रागावल्या की अहिराणीवर यायच्या, हे त्या दिवशी कळलं. "तू पुरावाच धुई टाका ना, अक्का," म्हणाल्या आणि कपाळ धरून उभ्या राहिल्या. मग एकदम थांबून विचारलं, दाबून काढतेस तेव्हा बोटांना काही लागतं का. कणी, वाळू असं काही.

"लागस ना," मंजुळा म्हणाली. "खसखससारखी. पिवळी पिवळी."

"कुठे टाकतेस?"

"मोरीमा."

इतके दिवस सगळे जे शोधत होते ते आमच्या मोरीतून वाहून गेलं होतं, आणि मंजुळाला हे कोणी विचारलंच नव्हतं. बाईंना हसावं की चिडावं कळेना. त्या दोन्ही करत होत्या. पिंजारीभाऊंना हाक मारली आणि म्हणाल्या, ऐका, खसखस म्हणे. मग आम्हाला बजावलं. साधी जाळीची पट्टी त्या देणार. ती आदल्या दिवशी बांधायची आणि धुळ्याला येईपर्यंत सोडायची नाही. पाणी नाही, पाला नाही, हळद नाही. गावच्या डॉक्टराची गोळी मधे घ्यायची नाही. आतली कणी त्या जाळीला चिकटून यायला हवी. "माझ्यासमोर घाणच आणायची," म्हणाल्या. "स्वच्छ बघायला मी लग्नाला जाईन."

सांगायला सोपं. मंजुळाला ते पाय कापण्यापेक्षा अवघड होतं. आयुष्यभर ती तशी. चूल सारवल्याशिवाय चहा नाही. बाहेरच्याने घरात यायच्या आत घर झाडलेलं. आणि तिने वाहता पाय घेऊन भर गर्दीच्या एसटीत बसायचं. शेजारची बाई उठून पुढे गेली. कंडक्टर तिकीट देऊन भरकन सरकला. मंजुळाने पदर तोंडावर घेतला तो पारोळा मागे गेलं तरी काढला नाही. मला वाटलं, उतरावं, परत जावं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पाय तिने उन्हात धरावा तसा पुढे धरला होता, साडीला लागू नये म्हणून. खोलीत गेल्यावर तिने तो पाय स्वतःहून बाईंच्या समोर ठेवला.

"आते बठ्ठं दखी ल्या," म्हणाली. आता सगळं बघून घ्या.

बाईंनी चिमट्याने जाळी सोडवली, उजेडाकडे नेली. मग जाळीला चिकटलेली कणी काचेच्या पट्टीवर चिरडली, रंगवली, धुतली, यंत्राखाली ठेवली. डोळा लावला. आणि ही बाई, पांढऱ्या केसांची, टाळ्या वाजवायला लागली. पिंजारीभाऊंना बोलावलं. शेजारच्या खोलीतल्या दोन पोरींना बोलावलं. या, या, बघा, किती सुंदर आहे.

मला जो राग आला तो अजून आठवतो. बायकोचा पाय जातोय आणि ह्यांना सुंदर दिसतंय. मी तसं बोललोही. बोललो की, बाई, कुणाच्या मयताला येऊन असं नाचू नका.  बाई लाजल्या नाहीत. त्यांनी मला हाताला धरून यंत्राजवळ नेलं. "बघा. लाल दोरे. मुळ्यांसारखे फाटे फुटलेले. दिसतात?"

मला माझ्या पापण्या दिसल्या. मी म्हणालो, दिसतात.

मागे बघतो तर मंजुळा हसत होती. बाई खूश म्हणून ती खूश. त्या दोघी एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला, असं मला तेव्हा वाटलं. पुढेही पुष्कळदा वाटलं.

पण दोरे दिसणं म्हणजे नाव नव्हे. दोरेवालेही अनेक असतात म्हणे. त्यातला कोणता, आणि तो कशाने मरतो, हे उगवल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि त्याची उगवण अशी मंद की ज्वारी बरी. तिकडे जळगावच्या सर्जनने ऑपरेशनचा दिवस ठरवून टाकला होता. म्हणाला, मी थांबतो म्हणायला तयार आहे, पण गुडघा गेला तर जबाबदारी तुमची. मी देवरे बाईंकडे गेलो. सरळ विचारलं. बाई, थांबलो तर पाय वाचेल, खात्री आहे का?

"नाही," त्या म्हणाल्या.

मग ते ताटलीत तरी नक्की उगवेल, याची?

"नाही."

मी वैतागलो. एक शिकलेला म्हणतो कापा. दुसरी शिकलेली म्हणते थांबा, आणि विचारलं तर म्हणते, खात्री नाही. माझ्यासारख्याने कुठे जावं? मी बाहेर व्हरांड्यात येऊन मंजुळाला सगळं सांगितलं आणि म्हणालो, जळगावचं बरं, निदान माणूस ठाम आहे. ती शेंगा सोलत बसली होती, बाईंसाठी आणलेल्या.

"मना पाय शे," ती म्हणाली. "कापाना का ठेवाना ते मी सांगसू." आणि शेंगांचं फडकं उचलून लंगडत आत गेली. बाईंसमोर ठेवलं. थांबते, म्हणाली.

का थांबलीस, असं मी नंतर पुष्कळदा विचारलं. एकदा म्हणाली, बाईला खोटं बोलता येत नाही म्हणून. एकदा म्हणाली, तिने पाय मांडीवर घेतला म्हणून. खरं कोणतं, ती गेली, आता कोण सांगणार.

त्या आठवड्यांत बाईंना मी जवळून पाहिलं. मंजुळाला वरच्या वॉर्डात ठेवलं होतं, मी दिवसभर खाली बाकावर. बाईंनी आमच्या ताटल्यांवर लाल पेन्सिलने लिहिलं होतं, माझी आहे, टाकू नये. सणाच्या आधी खोलीची साफसफाई निघाली तेव्हा त्या स्वतः कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या, झाडणाऱ्या बाईला म्हणाल्या, हे सोडून सगळं फेक, मलाही फेक. लाइट गेली की पहिली धाव त्या उबेच्या कपाटाकडे. डबा उघडायचा नाही, दार उघडायचं नाही, नुसता हात लावून बघायचा, गाईच्या पोटाला लावतात तसा. एका ताटलीवर दुसरंच काही माजलं, सगळं झाकून टाकलं. त्या दिवशी पिंजारीभाऊ मला हळूच म्हणाले, आज चहा मागू नका, तण झालंय.

माणसांशी मात्र त्यांचं सगळं उलटसुलट. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत पाठ झालं नाही, जंतूंची नावं सगळी पाठ. कोणाला धीर देणं जमायचं नाही. एका पोराच्या बापाला, ज्याचा हात चिघळला होता, त्यांनी तोंडावर सांगितलं, उशीर केलात. तो रडायला लागला तर घाबरून आत निघून गेल्या आणि पिंजारीभाऊंच्या हाती त्याच्यासाठी स्वतःचा डबा पाठवला. मी विचार करायचो, ह्या बाईला काळीज आहे की नाही. मग तो डबा आठवायचा. मग त्या बापाचा रडका चेहरा आठवायचा.

उगवलं. एका सकाळी पिंजारीभाऊच बोलवायला आले. ताटलीवर खडूच्या भुकटीसारख्या, सुरकुतलेल्या खपल्या, चिकटून बसलेल्या. बाईंनी काचेच्या कपाटात ताटलीचं झाकण जरा उचललं. म्हणाल्या, वास मुद्दाम घ्यायचा नसतो, आबा, पण हा आपोआप येतो. आला. नांगरलेल्या, पाणी दिलेल्या रानाचा वास. माझ्याच रानाचा.  ज्या मातीवर आम्ही जगलो ती आत जाऊन हाड खात होती, असं मानायचं का? की ती बिचारी जिथं पडली तिथं उगवली, एवढंच? बाईंनी त्याचं नाव सांगितलं. नोकार्डिया. तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून, जसं काही मला सुनेचं नाव पाठ करायचंय.

नाव आलं आणि औषध ठरलं. गोळ्या पुष्कळ, आणि इंजेक्शनं, तीही लांबलचक. पाय कापला नाही. तोंडं एकेक करून मिटली. तळवा वाकडा राहिला, पण जमिनीला टेकला. जळगावच्या सर्जनने पाय हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, मी चुकलो असतो. असं म्हणणारे डॉक्टर कमी.

बाई एकदा आमच्या गावाला आल्या. अमळनेरला कुणाचं लग्न होतं, तिथून वाट वाकडी करून. कोणत्या रानात लागलं ते बघायचंय म्हणाल्या. रानाच्या कडेला म्हसोबा आहे, तिथं सगळे चपला काढतात. बाईंनी काढल्या नाहीत. लोक बघत राहिले. मंजुळा त्यांच्या बाजूने म्हणाली, देव रागावत नाही, खुंट रागावतो. मग घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत. बाईंनी खाल्लं आणि मागून घेतलं. जाताना मंजुळाच्या हातात एक खोका दिला. त्यात कापडी बूट, शाळेतली पोरं पीटीला घालतात तसे. लुगड्याखाली पांढरे बूट घालून ती रानात निघाली तेव्हा पारावरचे म्हणाले, पीटीच्या मास्तरीणबाई आल्या. तिने एकाला बूट दाखवून विचारलं, तुझ्या बायकोला आणू का? त्यानंतर कोणी बोललं नाही.

इथपर्यंत लिहिलं तर गोष्ट चांगली आहे. मी पाहुण्यांना देवमाणूस म्हणतो तेव्हा इथपर्यंतच आठवत असतो.

त्या इंजेक्शनांनी कान जातात. सगळ्यांचे नाही, कुणाकुणाचे. बाईंनी आणि वॉर्डातल्या डॉक्टरांनी ते आधी सांगितलं होतं. सुरुवातीला मशीनवर कान तपासलेही होते. पुढे घरी सोडल्यावर इंजेक्शनं जवळच्या धरणगावला घ्यायची आणि मधून मधून धुळ्याला दाखवायचं. दर वेळी देवरे बाई विचारायच्या, अक्का, कानात घंटा वाजतात का? आवाज कमी येतो का? दर वेळी मंजुळा म्हणायची, "मना कान बेस शेतस." मशीनच्या रांगेत दिवस जातो, एसटी चुकते, म्हणून आम्ही कान न तपासताच निघायचो.

घंटा वाजत होत्या. पहिल्यापासून. हे तिने मला इंजेक्शनं संपल्यावर सांगितलं, चुलीजवळ बसून, जसं काही उसनं पीठ परत केल्याचं सांगावं. घंटा वाजतात म्हटलं असतं तर इंजेक्शनं बंद झाली असती. मग पाय गेला असता. तिने मनात हिशेब केला आणि पाय निवडला. मी ओरडलो. तिला अर्धंच ऐकू गेलं.

ती चालत होती हो. सगळीकडे चालत होती. विहिरीवर, रानात, बाजाराला. मी मागून हाक मारायचो तर वळायची नाही, पुढे जाऊन तोंड दाखवावं लागायचं. एका दुपारी कापूस वेचून ती सडकेच्या कडेने घरी येत होती. मागून कापसाचा ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्या पोराने भोंगा वाजवला, खूप वाजवला, हे सगळ्यांनी सांगितलं. त्याला वाटलं, बाई बाजूला होईल. तिला काहीच वाटलं नाही. बूट पायांतच होते. त्या पायाला खरचटलंही नव्हतं.

दिवस-कार्य झाल्यावर मी धुळ्याला गेलो. कशाला जातोय ते मलाच कळत नव्हतं. माझा पोरगा म्हणाला, आता काय काम? एसटीत बसून मी एकदा मनात शिव्या जुळवल्या, एकदा आभाराचे शब्द जुळवले. खोलीत पोचलो तेव्हा दोन्ही विसरलो. सांगितलं फक्त. मंजुळा गेली. ट्रॅक्टर मागून आला. ऐकू आलं नाही.

बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "कान?" एवढंच विचारलं. मी मान हलवली आणि घंटांचं सांगितलं.  धीर देणं त्यांना जमत नव्हतंच, ते त्या दिवशीही जमलं नाही. म्हणाल्या, "मी दर वेळी विचारलं. ती नाही म्हणाली. मी मोकळी झाले. विचारून कळतं का ते?"



मग त्या उठल्या, कपाटातून बोटाएवढी काचेची नळी आणली. आत तिरप्या थरावर त्याच खडूसारख्या खपल्या. म्हणाल्या, हा अक्काच्या पायातला. अजून जिवंत आहे. अधूनमधून नवं खाणं द्यावं लागतं, मी देते. ह्याच्या शेजारी ठेवून बघितलं म्हणून पुढच्या दोन माणसांच्या जंतूचं नाव लवकर कळलं. दोघांचे पाय आहेत. "तुम्ही म्हणाल तर आज जाळून टाकते, आबा."

माझ्या बायकोच्या अंगातलं एवढंच जिवंत उरलं होतं, आणि तेच तिला खात होतं. ते हातात घ्यावं की आपटावं? बाईंनी नळी पुढे केली नाही, मागेही घेतली नाही.

"ठेवा," मी म्हणालो. "पण मला दाखवू नका."

त्या नळी ठेवायला गेल्या. पिंजारीभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बाहेरपर्यंत आले. चहा घ्या म्हणाले, मी नको म्हणालो. व्हरांड्याच्या टोकाला पाणी प्यायला थांबलो आणि सहज मागे बघितलं.

खोलीच्या दाराशी बाकावर एक म्हातारी बसली होती, पाय बांधलेला, शिरपूरकडची असावी लुगड्यावरून. देवरे बाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता विचारणार, कशाने लागलं. त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या चालत बाकाच्या मागच्या बाजूला गेल्या, म्हातारीला दिसणार नाहीत अशा उभ्या राहिल्या, आणि ओठ हलवले. हळू, अगदी हळू. इतक्या लांबून मला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हातारी समोर बघत होती. बाईंनी पुन्हा ओठ हलवले.

म्हातारी वळली. "काय वो?" मोठ्याने म्हणाली.

देवरे बाई तिथंच, बाकावर तिच्या शेजारी खाली बसल्या.